अधिवेशनाहून काय आणलंस?

साखर तंत्रज्ञांच्या अधिवेशनाला पहिल्यांदा गेलो, तेव्हा मी तीन पिशव्या, सात पेनं, एक छत्री आणि टेबलावर ठेवायचं एक कॅलेंडर आणलं. छत्री दोन पावसाळे टिकली. बाकीचं कुठं गेलं आठवत नाही.

सोमवारी लॅबमध्ये पाय ठेवला, तर आमचे चीफ केमिस्ट खुर्चीत बसून मागच्या हंगामाची लॅब शीटं चाळत होते. चष्म्यावरून बघत म्हणाले, "आलास? काय आणलंस?" मी हौसेनं पिशवी पुढं केली. त्यांनी आतला जाडजूड ग्रंथ बाहेर काढला. अधिवेशनात मांडलेले सगळे शोधनिबंध, म्हणजे पेपर, त्यात छापलेले असतात. त्याच्यावरचं प्लॅस्टिकसुद्धा मी फाडलेलं नव्हतं. तो तसाच परत आत ठेवत म्हणाले, "जेवण कसं होतं?"

"चांगलं होतं साहेब. बासुंदी होती."

"हं," म्हणाले आणि पुन्हा शीटांत डोकं घातलं.

तो "हं" मला वर्षभर पुरला.

मी सांगली जिल्ह्यातल्या एका सहकारी साखर कारखान्यात मॅन्युफॅक्चरिंग केमिस्ट आहे. आमच्याकडं वर्षाचे दोनच भाग. ऊस मिलकडं नेणाऱ्या गव्हाणीत पहिली मोळी पडल्यापासून गाळप बंद होऊन पट्टा पडेपर्यंत हंगाम, आणि उरलेले महिने ऊस पिळणाऱ्या मिल, रस उकळून दाणा पाडणारी पॅन, पंप सगळं उघडून दुरुस्ती. अधिवेशनं या दुसऱ्या भागात, पावसाळ्यात असतात. त्या वर्षी 'कुणाला तरी पाठवायचं' म्हणून मला पाठवलं होतं. कारखान्यानं फी भरली होती, पुण्यात हॉटेल होतं, हॉल थंडगार होता. दीपप्रज्वलन झालं, सत्कार झाले, सत्कारांना उत्तरं झाली. मग एका हॉलमध्ये ऊसशेती, दुसऱ्यात मिल-बॉयलरची इंजिनिअरिंग मंडळी, तिसऱ्यात आम्ही प्रोसेसवाले. मी आमच्या गावाकडच्या चार ओळखीच्या लोकांबरोबर मागच्या रांगेत बसलो, दुपारी डुलकी काढली, चहाला त्यांच्याबरोबर, जेवायला त्यांच्याबरोबर. दोन दिवसांत एकाही अनोळखी माणसाशी बोललो नाही. स्टॉलवर बोललो तेवढंच, तेही छत्रीसाठी.

खरं तर आमच्या धंद्याला असल्या परिषदांची सवय फार जुनी. ऊस-साखरवाल्यांची आंतरराष्ट्रीय संघटना १९२४ साली होनोलुलूला स्थापन झाली. भारतातली शुगर टेक्नॉलॉजिस्ट असोसिएशन १९२५ची, पुण्याची डेक्कन शुगर टेक्नॉलॉजिस्ट असोसिएशन १९३६ची. महाराष्ट्रातला पहिला सहकारी साखर कारखाना, प्रवरानगरचा, सुरू झाला १९५०च्या सुमाराला. म्हणजे महाराष्ट्रात सहकारी साखर निघायच्या आधीपासून साखरवाले एकत्र बसून एकमेकांना 'तुमच्याकडं काय बिघडलं' असं विचारत आलेत. मी मात्र कुणाला काहीच विचारलं नव्हतं. कारण विचारायला माझ्याकडं काही नव्हतंच.

पुढच्या हंगामात ते मिळालं.

फेब्रुवारीचा दुसरा आठवडा असेल. रात्रपाळीला आमचे पॅनमन तात्या काचेच्या पट्टीवर साखरेचा दाणा घेऊन लॅबमध्ये आले. "सायेब, दाणा लांबडा पडाय लागलाय." मायक्रोस्कोपखाली धरला. चौकोनी, ठसठशीत दिसायला हवा तो दाणा सुईसारखा ओढला गेला होता. असा दाणा सेंट्रिफ्युगल मशीनमध्ये नीट धुतला जात नाही, मोलॅसिस, म्हणजे मळी, सोडत नाही, पॅन उकळायला वेळ घेतं. आणि त्याच दिवसांत शीटवरचा 'अननोन लॉस' चढायला लागला.

हा अननोन लॉस काय, तर उसातून आत आलेली साखर, त्यातून पोत्यात गेलेली, मोलॅसिसमध्ये गेलेली, बगॅसमध्ये म्हणजे चिपाडात गेलेली, प्रेसमडमध्ये म्हणजे रस गाळून उरलेल्या गाळात गेलेली अशी सगळी वजा केली की हिशेबात जी उरते आणि कुठंच सापडत नाही, ती. आमचं रोजचं गाळप साडेतीन हजार टन धरा. उताऱ्यात, म्हणजे शंभर टन उसामागं निघणाऱ्या साखरेत, नुसता ०.१ टक्क्याचा फरक पडला तरी रोज साडेतीन टन, म्हणजे पस्तीस क्विंटल साखर गेली. हंगाम १२० दिवसांचा धरला तर ४२० टन. फेब्रुवारी २०१९ला केंद्रानं ठरवलेला किलोला ३१ रुपयांचा किमान दर लावला तरी हा आकडा एक कोटी तीस लाखांवर जातो. सभासदांच्या वार्षिक सभेत कुणी विचारलं, 'ही साखर गेली कुठं?' तर उत्तर 'माहीत नाही'. शीटवर नावच तसं आहे.

सुईसारखा दाणा दिसला की आमच्यातला कुणीही पहिलं नाव घेतो ते डेक्स्ट्रानचं. तोडलेला ऊस उन्हात पडून राहिला, किंवा रस मिलच्या खाली कुठंतरी साचला, की ल्युकोनोस्टॉक नावाचे जिवाणू त्यावर बसतात. साखर खातात आणि चिकट, बुळबुळीत डेक्स्ट्रान तयार करतात. एवढं मला पुस्तकातून माहीत होतं. पण आमच्या कारखान्यात ते कुठं होतंय, उसात की मिलमध्ये, हे कसं ओळखायचं? पुस्तकात कारखाना असतो, पण आमचा नसतो.

मे महिन्यात चीफ केमिस्टना म्हटलं, "साहेब, यंदा मला पाठवा."

"बासुंदीला?"

"नाही. डेक्स्ट्रानला."

त्यांनी मला समोर बसवलं. म्हणाले, "पेपर काय, पुस्तकात छापलेलेच असतात, घरी बसून वाच. ते लिहिणारा माणूस घरी भेटायचा नाही. त्याला विचारायचं ते आत्ताच लिहून ने." मग आम्ही दोघांनी मिळून एक कागद तयार केला. पाठपोट एकच. एका बाजूला कारखान्याची कुंडली: गाळप, किती मिल, ज्यूस टाक्या किती, कोणत्या तापमानाला काय. दुसऱ्या बाजूला हंगामातल्या प्रत्येक आठवड्याची सरासरी: रसाची प्युरिटी (रसात विरघळलेल्या सगळ्या पदार्थांत साखर किती टक्के), अननोन लॉस, लांबडा दाणा दिसला त्या तारखा. खाली ठळक अक्षरात एकच प्रश्न: 'डेक्स्ट्रान उसातून येतंय की मिलमध्ये बनतंय?' त्या कागदाच्या दहा झेरॉक्स काढल्या. पेपरांची यादी आली तेव्हा तीन पेपरांवर खूण केली. बाकी सगळे सोडले. को-जनरेशनवरचा, म्हणजे बगॅस जाळून वीज काढण्यावरचा, एक फार गाजलेला पेपर होता, तोही सोडला. आमच्या चीफ इंजिनिअरना त्याचं अजून वाईट वाटतं.

अधिवेशनात पहिल्या दिवशी माझी फजिती झाली.

डेक्स्ट्रानवरचा पेपर झाला. मी पहिल्या रांगेत बसलो होतो, हात वर केला, माइक हातात आला. आणि मी कारखान्याची कुंडलीच सांगायला लागलो. आमची क्षमता अमुक, मिल तमुक, यंदा पाऊस असा झाला, तोड उशिरा सुरू झाली. दोन मिनिटं झाली असतील. अध्यक्षांनी फार सौम्यपणे विचारलं, "आपला प्रश्न काय आहे?" हॉल हसला. मला प्रश्नच सापडेना. कागद हातातच होता, पण मी कुंडलीची बाजू वर धरली होती. "नंतर बोलतो" म्हणून खाली बसलो. कान तापले होते.

पण त्या फजितीचा एक फायदा झाला. हॉलभर सगळ्यांना कळलं की या माणसाला डेक्स्ट्रानचा त्रास आहे. जेवणाच्या रांगेत मागून एक गृहस्थ आले. केस पांढरे, हातात ताट. म्हणाले, "ते लांबड्या दाण्यावाले तुम्हीच ना? तुमचा रस कुठल्या दिवशी खराब होतो?"

मी म्हटलं, "फेब्रुवारीत."

"महिना नव्हे हो. दिवस. मिल थांबवून जनरल क्लीनिंग करता, त्याच्या आधी की नंतर?"

मला माहीत नव्हतं. माझ्या कागदावर आठवड्याच्या सरासऱ्या होत्या. सरासरीत हे सगळं बुडून जातं, हे मला त्या क्षणी कळलं. ते निवृत्त चीफ केमिस्ट होते, मराठवाड्यात आणि नगरकडं नोकरी केलेले. ताट एका हातात धरून त्यांनी माझ्याच कागदावर रेघ काढली. पहिल्या मिलचा रस आणि सगळ्या मिलचा मिळून निघणारा मिक्स ज्यूस, या दोघांच्या प्युरिटीत नेहमीच थोडा फरक असतो, कारण मागच्या मिलमधून येणारा रस जास्त अशुद्ध असतो. हा फरक रोज, पाळीवार मांडायचा. मिल धुतल्यावर फरक कमी आणि मग दिवसागणिक वाढत पुन्हा धुण्यापर्यंत चढत गेला, तर घाण मिलमध्ये आहे. धुतल्यानंही फरक हलला नाही आणि पहिल्या मिलचाच रस वाईट असेल, तर ऊसच शिळा येतोय. "बास. एवढंच बघायचं. मशीन नको, केमिकल नको." रेघेवर आमटीचा एक डाग पडला. तो कागद मी अजून ठेवलाय.

त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली. त्यानं माझी झोप उडाली. पोलॅरीमीटरमध्ये आपण साखर मोजतो ती प्रकाशाचं प्रतल किती वळतं त्यावरून. साखरेचा आकडा ६६.५ अंश, डेक्स्ट्रानचा त्याच्या जवळजवळ तिप्पट. म्हणजे रसात डेक्स्ट्रान असेल तर यंत्र त्यालाही साखरच समजतं. आत आलेली साखर कागदावर फुगते, पुढं रस साफ होताना डेक्स्ट्रान थोडं निघून जातं, आणि ती कधी नसलेली साखर 'अननोन लॉस' म्हणून दिसते. "तुमची काही साखर गेलीच नाही, कारण ती आलीच नव्हती," ते म्हणाले आणि गुलाबजाम घ्यायला गेले.

त्या दिवशी संध्याकाळी बरोबरची मंडळी लक्ष्मी रोडला साड्या घ्यायला गेली. मी खोलीवर बसून दिवसभरात कोण काय म्हणालं ते लिहून काढलं. व्हिजिटिंग कार्डाच्या मागं तो माणूस कशाबद्दल बोलला ते दोन शब्दांत लिहिलं. हे त्याच रात्री लिहावं लागतं. दुसऱ्या दिवशी सगळी कार्डं एकसारखी दिसतात. गेल्या वर्षी स्टॉलवर मिळालेली अकरा कार्डं माझ्या ड्रॉवरमध्ये होती, त्यातल्या एकाचाही चेहरा मला आठवत नव्हता.

स्टॉलबद्दल माझं मत बदललं ते दुसऱ्या दिवशी. स्टॉलवरची पोरं आपल्याला काहीतरी विकायला उभी असतात, हे खरंच. पण ती वर्षाला पन्नास कारखाने फिरतात, आपण एकच बघतो. मिल सॅनिटेशनचं केमिकल विकणारा एक तरुण मला मात्रा, पीपीएम, सवलत सगळं सांगून झाला. मी विचारलं, "कुठं चाललं नाही, ते सांगा." तो जरा गोंधळला. हसला. मग चहा मागवला आणि कारखान्याचं नाव न घेता सांगू लागला. एके ठिकाणी भरपूर केमिकल टाकूनही चिकटा जाईना. शेवटी कळलं की ज्यूसच्या लाइनीत एक बंद तोंडाचा तुकडा होता, जुन्या पंपाचा राहिलेला. रस तिथं जाऊन साचायचा, केमिकल तिथवर पोचायचंच नाही, आणि तिथून जिवाणू परत सगळीकडं पसरायचे. "साहेब, आधी असले बंद तुकडे शोधा, मग माझ्याकडं या," म्हणाला. मी त्याच्याकडून काही घेतलं नाही. पुढच्या वर्षी घेतलं.

शेवटच्या दिवशी दुपारी हॉल निम्मा रिकामा होतो. लांबची मंडळी बसची वेळ सांगून निघतात. आदल्या वर्षी मीही निघालो होतो. या वेळी थांबलो. ज्या संशोधकांचा पेपर मी ऐकला होता, ते पुढच्या रांगेत एकटेच बसले होते. दोन दिवस त्यांच्याभोवती माणसं होती, आता कुणी नव्हतं. मी जाऊन बसलो, कागद दिला. बरोबर बाजूनं. म्हटलं, "सर, डेक्स्ट्रान मोजायला आमच्याकडं काही नाही."

"साखरेचा रंग मोजता ना?"

"हो, रोज. ४२० नॅनोमीटरला."

"मग तेच यंत्र ७२०ला लावा." रसातली प्रथिनं ट्रायक्लोरोअ‍ॅसेटिक आम्लानं आधी काढून टाकायची, गाळायचं, मग अल्कोहोल घालायचं. डेक्स्ट्रान असेल तर ते धुक्यासारखं गढूळ होतं, आणि तो गढूळपणा ७२०ला वाचायचा. मोजायचं यंत्र आमच्या लॅबमध्ये वर्षानुवर्षं पडून होतं, आणि आम्ही त्याच्यावर फक्त रंगच बघत होतो. त्यांनी सगळी पद्धत मेलवर पाठवतो म्हटलं. असं म्हणणारे पुष्कळ असतात. मी गावी पोचल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांना आठवणीचा मेल टाकला, त्यात आमच्या कागदाचा फोटो जोडला. आठवड्यानं पद्धत आली, वर 'सुरुवातीला प्रत्येक नमुना दोनदा करा' अशी ओळ.

सोमवारी लॅबमध्ये गेलो. साहेबांनी विचारलंच, "काय आणलंस?" मी आमटीचा डाग पडलेला कागद पुढं ठेवला आणि तीन कामं सांगितली. पाळीवार प्युरिटीचा फरक मांडायचा, अल्कोहोलची चाचणी सुरू करायची, आणि आत्ता मिल उघडी आहे तोवर ज्यूसची सगळी लाइन पावलापावलानं बघायची. अधिवेशन पावसाळ्यात असण्याचा हाच मोठा गुण, की ऐकलेलं लगेच करून बघता येतं. मोळी पडल्यावर कोण कुणाचं ऐकतो?

दोन दिवस मी आणि एक फिटर मिलखाली टॉर्च घेऊन फिरलो. तिसऱ्या मिलच्या मागं, गटाराच्या वर, एक पाइप वळून भिंतीकडं गेला होता आणि पुढं ब्लँक फ्लँज लावून बंद केला होता. पाच-सहा फुटांचा तुकडा. उघडला तर आत वाळलेला, काळपट, चामड्यासारखा थर. फिटर म्हणाला, "हे तर कवापास्नं हाय. पंप काढला तवा ठेवलं, पुढं लागंल म्हणून." त्या दिवशी तो कापला. असे आणखी दोन निघाले, एक लहान.

हंगाम सुरू झाला. लॅबच्या भिंतीवर आलेखाचा कागद चिकटवला आणि पाळीवार ठिपके मांडायला लावले. पोरांनी पहिले पंधरा दिवस शिव्या घातल्या. डिसेंबर, जानेवारी रेघ बऱ्यापैकी सपाट गेली. धुतल्यावर थोडी खाली, मग थोडी वर, पण आधीच्या हंगामाच्या शीटांवरून मागाहून मांडली होती तशी शिडी नाही. फेब्रुवारीत तात्यांनी दाणा आणून दाखवला, चौकोनी. बोलले काही नाहीत, पट्टी टेबलावर ठेवून गेले.

मार्चमध्ये मात्र लांबडा दाणा परत आला. या वेळी मला कुणाला विचारावं लागलं नाही. रेघच सांगत होती: दोन रसांतला फरक होता तेवढाच, पण पहिल्या मिलचाच रस घसरलेला. चाचणीत तोच रस गढूळ येत होता. मार्चमध्ये तोडणीच्या टोळ्या गावाकडं परतायला लागतात, मजूर कमी पडतात, उभा ऊस पेटवून तोडायचं प्रमाण वाढतं. जळीत ऊस लवकर खराब होतो, त्यात ट्रॅक्टर यार्डात रांगेत उभे, वर ऊन. ते आमच्या मिलच्या आणि माझ्या टॉर्चच्या पलीकडचं होतं. ते शेतकी विभागाचं.

पुढच्या अधिवेशनात मी हाच सगळा पेपर म्हणून मांडला, मार्चमधल्या अपयशासकट. बारा मिनिटांचा होता, अकरा मिनिटांत संपवला. कापलेल्या पाइपचा फोटो दाखवला तेव्हा हॉलमध्ये कुजबुज झाली. नंतर जेवायला मला ताट घेऊन उभंच राहावं लागलं, इतकी माणसं आली. त्यातले निम्मे म्हणाले, "आमच्याकडंही असा एक तुकडा आहे." एकानं तर फिटरला तिथूनच फोन लावला. आणि तिघांनी मार्चबद्दल विचारलं. त्यांच्याकडचे शेतकी अधिकारी आणि केमिस्ट रोज सकाळी एकत्र बसून तोडीचा कार्यक्रम ठरवतात, यार्डातल्या गाडीला तोड झाल्याची वेळ लिहिलेली चिठ्ठी असते, आधी तोडलेला ऊस आधी गव्हाणीवर जातो. आमच्याकडं आम्ही दोघं एकमेकांना गणपतीत भेटतो.

म्हणून यंदा मी आमच्या शेतकी अधिकाऱ्यांच्या केबिनमध्ये गेलो. त्यांचा टेबल सातबारे आणि तोडीच्या नोंदींनी भरला होता. म्हटलं, "आबा, या वेळी तुम्ही चला अधिवेशनाला. तुमच्या विभागाचाही हॉल असतो. तीन माणसांशी तुमची गाठ घालून देतो, त्यांना काय विचारायचं ते आपण आधी बसून लिहू."

त्यांनी चष्मा वर केला. "आणि जेवण कसं असतंय तिथलं?"

"बासुंदी असते."

"मग बघू," म्हणाले, आणि कोरा कागद पुढं ओढला.